शेरूची नवी टाकी आणि रविवारची धुलाई

पत्र

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीला तिच्या मामाने ऑस्कर मासा आणून दिला. तेव्हा दोन इंचांचा होता, आता आठ इंचांचा झाला आहे. मुलीने त्याचं नाव शेरू ठेवलंय. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. दर रविवारी आमचे हे सगळं पाणी उपसतात आणि टाकी, गोटे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतात. तरीही सोमवारी पाणी दुधाळ होतं, शेरू काळवंडून कोपऱ्यात बसतो, खात नाही. शुक्रवारपर्यंत जरा बरा होतो, की परत रविवार. आता चार फुटी टाकी घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, पाणी भरा, औषध घाला, दुसऱ्या दिवशी मासा सोडा. भावाचा मित्र म्हणतो, महिनाभर टाकी रिकामी चालवा. सासरे म्हणतात, मासा टाकीएवढाच वाढतो, आणि नसेल जमत तर परसातल्या विहिरीत सोडून दे. चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही पाच दिवस मूळ घरी जातो, त्याला अजून दीड महिना आहे. काय करू?

(एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर

ताई,

टाकीचं सगळं सांगते, पण आधी एक विनंती. येत्या रविवारी स्पंज धुऊ नका. नवी टाकी पुढच्या महिन्यात आली तरी चालेल, हे मात्र या आठवड्यापासूनच थांबायला हवं.

मासा आपली बरीचशी घाण कल्ल्यांतून टाकतो, अमोनियाच्या रूपात, रात्रंदिवस. तुमच्या दोन फुटी टाकीत जेमतेम ५० लिटर पाणी मावत असेल. आठ इंची ऑस्कर एवढ्या पाण्यात राहायचा तर कुणीतरी तो अमोनिया सतत संपवत राहायला हवा, आणि ते काम जीवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच आहे, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते घालवतं. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, पाणी बदलून काढता येतं. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजच्या भोकांत, गोट्यांवर, काचेवर बुळबुळीत थर धरून ते राहतात. स्पंजावरचा जो तपकिरी, चिकट थर तुमचे यजमान मायेने धुऊन काढतात, त्यातच शेरूचा जीव आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो आणि तो जीवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. म्हणजे धुण्यातून जे वाचतं त्यातलंही बरंच मरतं.

सोमवारचं दुधाळ पाणीही यातूनच येतं. साधे, कुजवणारे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, कधी जास्तही. धुतलेल्या टाकीत आधी पहिल्यांची गर्दी होते आणि पाणी ढवळ दिसतं. अमोनिया तसाच साठत राहतो. शेरू काळा पडतो तो त्यामुळे. चार-पाच दिवसांत कामाचे जीवाणू जरा सावरतात, तोवर पुन्हा रविवार उजाडतो. या माशाने नव्या टाकीचा त्रास एकदा नाही, दर आठवड्याला सोसला आहे. अशीच पद्धत राहिली तर चार फुटी टाकीतही हेच होईल, फक्त जरा उशिरा.

तर आजपासून असं करा. एक दिवसाआड टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या टबात भरून त्यात हवेचा पंप सोडून ठेवा, किंवा दुकानात क्लोरिन काढायचे थेंब मिळतात ते प्रमाणात घाला. खाणं निम्म्यावर आणा. स्पंज अगदीच तुंबला आणि पाण्याची धार बारीक झाली, तर टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात तो दोनदा दाबून परत लावा. मळकट दिसला तरी दिसू दे. यजमानांना हे नीट समजावून सांगा. ज्यांनी एवढ्या निष्ठेने दर रविवार दिला, त्यांना कारण कळलं की तेच सगळ्यात चांगले राखणदार होतील.

आता टाकी. "टाकीएवढाच मासा वाढतो" हे आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं, पण ते खरं नाही. कोंडलेल्या, घाणेरड्या पाण्यात मासा खुरटतो, म्हणजे आजारी पडून वाढायचा थांबतो. त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, एक फुटाच्या आसपास वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या वर जगतो. तुमची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही शेरू घरात असेल, अशा हिशेबाने टाकी घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, याहून लहान नको. रुंदी महत्त्वाची आहे, कारण फूटभर लांबीच्या माशाला वळायला तीच लागते. चार फूट बाय एक फूट अशी टाकी स्वस्त पडते, पण ती घेऊ नका.

या मापात साधारण २४० लिटर पाणी मावतं, म्हणजे २४० किलो. काच, खडी, स्टँड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. घर जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) असेल आणि वर लाकडी माळा असेल तर माळ्यावर मुळीच नको. तळमजल्यावर, भिंतीला लागून, खिडकीच्या उन्हापासून लांब जागा बघा. स्टँड लोखंडी अँगलचा करून घ्या आणि रेड ऑक्साइडच्या अस्तरावर पक्का रंग मारा. आपल्या दमट हवेत साधं प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतं, आणि फुगलेल्या स्टँडवर काच तडकते. गवंड्याची पाणसळ आणून दोन्ही बाजूंनी समतल आहे का बघा, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. टाकी ओसरीवरच काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर बनवणाऱ्याकडे परत. विजेच्या वायरी प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. घरात ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवा. मुलगी टाकीत हात घालणारच.

फिल्टर मोठा घ्या. ऑस्कर खातो भरपूर आणि घाण त्याहून भरपूर करतो. टाकीच्या वर बसणारा टॉप फिल्टर असो वा बाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर, तासाला टाकीच्या पाचसहा पट पाणी फिरलं पाहिजे आणि आत सिरॅमिक रिंगांना (जीवाणूंना राहायला असलेल्या सच्छिद्र कड्यांना) भरपूर जागा पाहिजे. शोभेच्या वस्तूंवर पैसे घालवू नका, शेरू त्या उलथवून टाकेल. दगड ठेवायचेच असतील तर आधी दगड थेट काचेवर बसवा आणि मग भोवती खडी घाला. खडीवर ठेवलेला दगड तो उकरून पाडतो.

दुकानदार आणि भावाचा मित्र यांच्यात मित्र सत्याच्या जवळ आहे, पण अर्धाच. टाकी रिकामी चालवून काही होत नाही. जीवाणूंना अमोनिया मिळाला नाही तर महिन्यानेही टाकी पहिल्या दिवसाइतकीच नवी असते. त्यांना खाऊ घालावं लागतं. दुकानातल्या बाटलीतल्या जीवाणूंचं म्हणाल, तर चांगल्या असतील तर मदत होते, पण बाटली दुकानात किती महिने कसल्या उकाड्यात राहिली हे आपल्याला दिसत नाही. घातली तर घाला, तिच्या भरवशावर मासा सोडू नका. निळं किंवा पिवळं औषध नव्या टाकीत अजिबात नको. ती आजारांवरची औषधं आहेत, आणि निळं मेथिलिन ब्लू तर कामाच्या जीवाणूंनाच मारतं.

खाऊ म्हणून सगळ्यात सोपं रसायन अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण बाजारातल्या वडीत आणखी काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. १५ ग्रॅम एका लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्यातलं १०० मिली २४० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया लिटरला साधारण २ मिलिग्रॅम होतो. तेवढा पुरे, जास्त घालून काम लवकर होत नाही. हे मिळालं नाही तर सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा जाळीच्या पिशवीत टांगतात. त्यानेही काम होतं, पण प्रमाण हातात राहत नाही आणि आपल्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात वास सुटतो. मी पहिलाच मार्ग घेईन.

पहिले दोन आठवडे जुन्या टाकीचा स्पंज न धुता मुरू द्या. नव्या फिल्टरसाठी आणलेल्या सिरॅमिक रिंगांपैकी मूठभर जाळीत बांधून याच दिवसांत जुन्या टाकीत, फिल्टरच्या धारेखाली ठेवा. तोवर नवी टाकी भरून, फिल्टर चालवून गळती आणि आवाज तपासा. मग रिंगा नव्या फिल्टरमध्ये घाला, जुना स्पंज नव्या टाकीच्या पाण्याच्या बादलीत पिळून तो गढूळ चोथा नव्या फिल्टरमध्ये ओता, आणि अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाचा पहिला डोस द्या. पाणी घाण दिसेल, दिसू दे. जुना स्पंज मात्र लगेच आपल्या जागी परत लावा, शेरूला तो हवा आहे.

थेंबांचा तपासणी किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजणारा. सगळ्या खरेदीत हा टाळायचा नाही. एक वही करा आणि रोज संध्याकाळी मुलीला रंग जुळवून आकडे लिहू द्या. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. हा मधला टप्पा लांबतो आणि माणसं इथेच कंटाळतात. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा डोस द्या. नायट्राइट फारच चढलं, रंगपट्टीच्या शेवटच्या घरात गेलं, तर डोस निम्मा करा. संध्याकाळी पूर्ण डोस दिल्यावर दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं लागोपाठ तीन दिवस झालं की टाकी तयार. हे जीवाणू २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात, तेव्हा आपल्या हवेचा इथे फायदा आहे. जुन्या स्पंजाची मदत असेल तर दोन-तीन आठवड्यांत व्हायला हरकत नाही.

पण गोव्यात एक अडचण येते, आणि बाहेरचे सल्ले वाचून ती लक्षात येत नाही. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकणारं असतं. घाटातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणीही मऊच. ऑस्करला मऊ पाणी मानवतं, पण जीवाणूंचं काम चालू असताना आम्ल तयार होतं आणि ते पचवायला पाण्यात क्षार लागतात. क्षार संपले की पीएच घसरतो, सहाच्या खाली गेला की जीवाणू जवळजवळ थांबतात. मग दहा दिवस छान चाललेली टाकी अचानक अडकते, अमोनिया हलेना होतो, आणि लोक टाकी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याची गरज नाही. तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपा आपल्या घरी काही कमी नसतात. मांस पूर्ण काढून, उकळून, उन्हात कडकडीत वाळवून दोन मुठी शिंपा जाळीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्ल झालं की त्या हळूहळू विरघळतात आणि सावरून धरतात. प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर घेऊ नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. मासा नसलेल्या टाकीत पीएच अगदीच कोसळला तर ७ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घाला. २४० लिटरमध्ये तेवढ्याने या क्षारांची पातळी, केएच नावाच्या मापात, एक अंशाने वाढते. दुसऱ्या दिवशी मोजून मगच पुढचा. मासा असलेल्या टाकीत सोड्याची घाई नको, कारण पीएच वर गेला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

विहिरीचं पाणी वापरणार असाल तर रात्रभर हवा देऊन मग पीएच मोजा. ताज्या उपशात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. पावसात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर काही दिवस त्या पाण्याला हात लावू नका.

शेरूला हलवायचा दिवस चवथीला निदान दोन आठवडे असताना असावा. तोवर टाकी तयार झाली नाही, तर सरळ चवथीनंतर हलवा. नव्या टाकीत सोडून दोन दिवसांत घर बंद करणं हा एकच धोका मी तुम्हाला कुठल्याही परिस्थितीत घेऊ देणार नाही. जुन्या टाकीत, मुरलेल्या स्पंजासह, तो आणखी एक महिना काढू शकतो.

हलवताना जाळं वापरू नका, पंखांचे काटे अडकतात. पसरट टब पाण्यात बुडवून त्याला आत घ्या. वर झाकण धरा, ऑस्कर उसळी मारतो. नव्या टाकीचं पाणी तासभर थोडं थोडं टबात घालत राहा आणि मग सोडा. आदल्या दिवशी नव्या टाकीचं निम्मं पाणी बदला, साठलेलं नायट्रेट निघून जाईल. जुना फिल्टर स्पंजासकट महिनाभर नव्या टाकीतच चालू ठेवा. टाकीवर काचेचं झाकण आणि त्यावर वजन हवंच.

मुलीला आधीच सांगून ठेवा, ऑस्कर जागा बदलली की रुसतो. तळाशी आडवा पडून राहील, मेला की काय असं वाटेल. कल्ले नीट हलत असतील तर दिवा बंद करा आणि एकट्याला राहू द्या. एक-दोन दिवस खाणं नको. तरीही पहिले दोन आठवडे रोज मोजणी करा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. नायट्राइट असेल तर १०० ग्रॅम खडे मीठ पाण्यात विरघळवून घाला, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही. पुढे दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, पाचसहा बादल्या. काढलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता, नायट्रेट त्याला खतच आहे.

सासऱ्यांना विहिरीचं असं सांगून बघा. ऑस्कर खादाड आहे. डासांच्या अळ्या खाणारे बारीक मासे आणि बेडकं तो आधी संपवील. ते पाणी घरात येतं. आणि पावसात विहीर काठोकाठ भरून शेताकडे वाहिली तर तो ओहोळात जाईल, मग परत आणता येणार नाही. पाळलेला सकरमाउथ (काच चाटणारा परदेशी मासा) लोकांनी असाच सोडून दिला आणि तो देशातल्या कित्येक नद्या-तळ्यांत पसरला. सांभाळणं खरंच झेपलं नाही तर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या, पाण्यात सोडू नका.

राहिली चवथ. आठ इंची, धडधाकट ऑस्कर पाच दिवस उपाशी सहज राहतो. सुट्टीसाठी म्हणून मिळणारे खाण्याचे ठोकळे टाकू नका, ते विरघळून पाणी नासवतात. शेजाऱ्यांनाही खाणं घालायला सांगू नका, दयेपोटी मूठभर पडतं. त्यांना एवढंच सांगा, की दिवसातून एकदा येऊन फिल्टरची धार चालू आहे का बघा. वीज गेली तर स्पंजातले जीवाणू काही तासांत गुदमरायला लागतात आणि माशालाही हवा कमी पडते, म्हणून हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर जोडून जा. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, स्पंजाला हात लावू नका. परत आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच खाणं घाला आणि त्या संध्याकाळचे आकडे वहीत लिहा.